सीटची उलटी बाजू

आमचं कापडाचं दुकान पाथरीच्या बाजारपेठेत आहे. लग्न होऊन आले तेव्हा पहिली काही वर्षं मी घरातच होते. मग सासूबाई गेल्या, साड्यांकडं बघायला कुणी बाईमाणूस हवं होतं, म्हणून मी दुकानात बसायला लागले. कापड ओळखायला मला सासऱ्यांनी शिकवलं. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. डोळ्यानं बघायचं नाही, बोटानं बघायचं, असं त्यांचं सांगणं. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात कापड धरायचं आणि हलकंच चोळायचं. रंग फसवतो, चमक फसवते, माल आणून टाकणारा तर फसवतोच. तरी शक राहिला तर कडेचा एक दोरा ओढून जाळायचा. सुती असेल तर कागदासारखा जळून त्याची राख होते, रेशमाला केस जळाल्याचा वास येतो, आणि नकली असेल तर दोरा आक्रसून त्याची काळी टणक गोळी होते.

असा हात तयार झाला की तो दुकानाबाहेरही गप्प बसत नाही. नवी गाडी दारात आली, नारळ फुटला, आणि मी मागचं दार उघडून सीटवर हात ठेवला, तेव्हा बोटांना काहीतरी खटकलं.

गाडी काळी, उंच, शहरातले लोक जिला प्रीमियम म्हणतात त्यातली. समोर टीव्हीएवढा पडदा, दारांच्या कडेनं निळसर दिवे, बदामी रंगाच्या सीटा. नवरा शेजाऱ्यांना एकेक दार उघडून दाखवत होता आणि पुढच्या सीटवर थाप मारून सांगत होता, "लेदर हाय. समदं लेदर."

सीट गार होती, गुळगुळीत होती. पण बोट दाबून सोडल्यावर चामड्यावर बारीक सुरकुत्या फुटतात, तशा फुटल्या नाहीत. दाणा सगळीकडं अगदी एकसारखा होता. जनावराची कातडी मानेपासून शेपटीपर्यंत कधी एकसारखी नसते. मी हात काढून घेतला. नवऱ्याचा चेहरा बघून सांगवलंच नाही.

गाडी आधी देवाला न्यायची होती, आणि आप्पांनी तोवर एक पाय गाडीत ठेवला होता. 'लेदर' ऐकून त्यांनी तो परत खाली घेतला.

"लेदर म्हंजे चामडंच ना?" त्यांनी मला विचारलं.

"तसंच म्हणायलेत," मी म्हणाले.

"मग तुमी जावा देवाला. मी यष्टीनं येतो मागून."

आम्ही लिंगायत, आप्पांच्या गळ्यात लिंग आहे. सकाळी पूजा झाल्याशिवाय ते पाणी घेत नाहीत, आणि चामड्याला शिवत नाहीत. चप्पल रबराची, घड्याळाचा पट्टा स्टीलचा, पैसे कापडी पिशवीत. आमच्या सगळ्या भावकीत असं कडक कुणी पाळत नाही, हे त्यांचं स्वतःचं आहे. नवऱ्याला ते ठाऊक होतं, पण गाडीच्या हौसेत त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्यानं समजावून बघितलं. आप्पा रागावले नाहीत, वाद घातला नाही, फक्त पिशवी उचलून स्टँडकडं चालू लागले.

त्यानंतर ते परभणीला डोळे दाखवायला यष्टीनं गेले, मानवतला बहिणीकडं यष्टीनं गेले. दारात एवढी गाडी उभी आणि म्हातारा स्टँडवर, हे गावानं बघितलं. दुकानात येणाऱ्या बायका मला आडून विचारायच्या, घरात काही झालंय का. नवऱ्याला ते फार लागलं. एकदा तो आप्पांना म्हणाला, "यष्टीचं शीट तरी कशाचं असतंय?"

"रेग्झिनचं हाय," आप्पा म्हणाले. "आन् त्याला कुणी लेदर म्हणत न्हाई."

याआधीची गाडीही त्याच कंपनीची होती. तिच्या काळात तीही महागातलीच. तिच्या सीटा जाड मखमली कापडाच्या होत्या, आणि आप्पा तिच्यात आरामात मांडी घालून बसत. मुलं लहान असताना तिच्यात उसाचा रस सांडला, उलट्या झाल्या, एकदा तर आख्खा डबा उपडा झाला. धुतलं की सीट पुन्हा होती तशी. पुढं तिचे पार्ट मिळेनात, तेव्हा नवऱ्यानं ती ताडकळसच्या एका खत-बियाण्यांच्या दुकानदाराला दिली.

नव्या गाडीचा दुसरा शक कानाला आला. सेलूकडून देवगाव फाट्याला जाताना समोरच्या फळीतून, म्हणजे डॅशबोर्डातून, आवाज यायला लागला. मोठा नाही. कुणी दातावर दात घासावा तसा. खड्डा आला की यायचा, सपाट रस्त्यावर थांबायचा.

"तुझ्या बांगड्या वाजायल्यात," नवरा म्हणाला.

मी बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या. पुढच्या खड्ड्याला आवाज आला. मग त्यानं मागं ठेवलेल्या सामानावर घेतलं. सामान घरी ठेवून आलो तरी आवाज आला. मग तो खड्डे चुकवत सावकाश चालवायला लागला, आणि मला कळलं की आता याच्याही मनात काहीतरी शिरलं.

ते असं होतं की आपल्याला दिलेली गाडी नवी नसावी. शोरूममध्ये लोकांना फिरवून दाखवायला ठेवतात, तीच पुसून दिली असावी. एका रविवारी आम्ही दोघांनी दारं लावून गाडीची झडती घेतली. सीटांच्या फटीत बोटं घातली, चटया उचलल्या, दारांच्या खणात बॅटरी मारली. जुनं काही सापडलं नाही. सापडलं ते असं की दाराचा वरचा भाग, जिथं कोपर टेकतं, तेवढाच मऊ होता. त्याच्याखाली हात गेला की टणक प्लास्टिक, कडा इतकी धारदार की माझी करंगळी खरचटली. झाकणाच्या खणात नाणी टाकली तर ती खुळखुळ्यासारखी वाजली. झाकण उघडताना ते एका बाजूनं आधी यायचं आणि दुसऱ्या बाजूनं नंतर.

"हे असंच असतं का?" मी विचारलं.

"आता मला काय ठाऊक," नवरा म्हणाला. "मी काय रोज नव्या गाड्या घेतो?"

आम्ही संभाजीनगरला शोरूममध्ये गेलो. नवरा मागं वर्कशॉपमध्ये गाडीपाशी थांबला. मला गार हवेत बसवून चहा दिला. समोर आमच्यासारखीच गाडी ठेवलेली होती, नवी कोरी, दारांवरचा प्लास्टिकचा कागदही न काढलेला. मी विक्रेत्याला म्हटलं, आत बसून बघते. त्यानं हसून दार उघडलं. मी समोरच्या फळीवर तळवा ठेवला आणि पोळीचं पीठ दाबावं तसं दाबलं. तोच आवाज. दातावर दात.

म्हणजे आमच्या गाडीत कुणी काही केलं नव्हतं, ती अशीच आली होती. हे कळून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"सीट कशाची आहे?" मी त्याला विचारलं.

"मॅडम, प्रीमियम अपहोल्स्ट्री आहे."

"चामडं आहे का?"

"लेदर फिनिश आहे."

फिनिश हा शब्द आमच्या धंद्यातला. आमच्या दुकानात सिल्क फिनिशच्या साड्यांचा वेगळा गठ्ठा असतो, आणि घेणारीलाही माहीत असतं की त्यात सिल्क नाही. मी फळीवरून हात काढला. तो मात्र एकदम पडद्याचे गुण सांगायला लागला, बोलून गाडी कशी चालू होते, छत कसं उघडतं. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, मी ज्याला हात लावते त्याबद्दल हा बोलतच नाही.

नवरा आला. म्हणाला, दुरुस्त झालं. जालन्यापर्यंत आवाज नव्हता. मंठ्याच्या अलीकडं परत सुरू झाला. त्यानं गाणी मोठी केली, म्हणून मीही सीटचा विषय काढला नाही. त्यानं सगळ्या पाथरीला लेदर सांगून ठेवलं होतं.

थोड्याच दिवसांत ताडकळसला एक लग्न होतं. आम्ही गाडीनं गेलो, आप्पा परभणीला यष्टी बदलून आले. मांडवाबाहेर गाड्यांच्या रांगेत आमची जुनी गाडी उभी दिसली. खतवाल्यानं ओळखलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बघा वैनी, कशी ठेवलीय."

मी आत बसले. खरं सांगायचं तर ती काही नव्यासारखी नव्हती. छताचं कापड एका जागी सुटून खाली लोंबत होतं, बटणांचं रबर चिकट झालं होतं, आणि खताचा वास सगळीकडं मुरला होता. जुनं ते चांगलंच, असं म्हणायची आपल्याला खोड असते, म्हणून मी माझ्या बोटांवरही भरवसा ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. पण दार ओढून घेतलं तर जड पेटीचं झाकण बसावं तसं बसलं. खणात हात घातला तर आतून मऊ कापड लावलेलं होतं. तिथं कुणाचं लक्ष जाणार होतं? तरी लावलं होतं. मी फळी दाबली. गप्प होती.

नवरा बाहेर उभा राहून काचेतून माझ्याकडं बघत होता. मी उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, "हिच्यात हवेच्या पिशव्या न्हवत्या. ब्रेक बी असले न्हवते. जीव वाचायचा असंल तर नवीच बरी." ते खरंच होतं, आणि मी तसं म्हणालेही. पण तो हे मला सांगतोय की स्वतःला, याची मला खात्री नव्हती.

जेवणं झाली. आम्ही आप्पांना शोधायला लागलो तर ते जुन्या गाडीत पुढं बसलेले. खतवाला त्यांना परभणीच्या स्टँडवर सोडणार होता. खिडकीतून त्यांनी आम्हाला हात केला. नवरा गाडी जाईपर्यंत तिथंच उभा राहिला. मग त्यानं आमच्या गाडीचं दार लावलं, ते नीट लागलं नाही, म्हणून परत आपटलं.

त्या दिवशी मी ठरवलं की आप्पांना सांगायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आप्पा गादीवर बसून कापडाचे तागे नीट लावत होते. मी म्हणाले, "आप्पा, गाडीच्या शीटा चामड्याच्या न्हाईत. मी हात लावून बघितलंय. शोरूमवाल्याला बी विचारलंय."

त्यांनी तागा खाली ठेवला. "सूनबाई, तू माझ्याशी कधी खोटं बोलली न्हाईस. हे तुला त्यानं शिकवलं का?"

"त्यांना ठाऊक बी न्हाई."

"आसं कसं? गाडी त्याची, पैशे त्याचे, आन् त्याला ठाऊक न्हाई?" त्यांनी तागा पुन्हा हातात घेतला. "लोक बोलायलेत म्हणून मला गोड बोलून बसवायलात तुमी. बसल्यावर मग म्हणताल, आता बसलातच तर काय."

मला वाईट वाटलं. पण त्यांच्या जागी मी असते तर मलाही असंच वाटलं असतं. मी म्हणाले, "जाळून बघा की मग. तुमीच शिकवलंय."

दुकानातली कात्री घेऊन मी घरी गेले, आप्पाही मागून आले. मागच्या सीटच्या खाली, कड दुमडून आत घेतात तिथं बोटभर पट्टी जास्तीची होती. मी गुडघ्यावर बसून ती बाहेर ओढत होते, आप्पा दारापाशी उभे होते, तेवढ्यात नवरा जेवायला आला. नव्या गाडीत बायको कात्री घेऊन बसलेली बघून तो जागच्या जागी थांबला.

"काय करायलीस?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. पहिल्या दिवसाचं, शोरूममधलं, फिनिशचं. मला वाटलं तो ओरडेल. त्यानं हात पुढं केला.

"आण इकडं कात्री."

पट्टी त्यानंच कापली. कापताना माझ्याकडं न बघता म्हणाला, "चामड्याला वास असतो. पहिल्या दिवसापासून मला वास आला न्हवता."

"मग बोलला का न्हाई?"

"घ्यायचीच होती," तो म्हणाला. "मनात आलं तरी मी तिकडं बघितलं न्हाई."

अंगणात आप्पांनी स्वतः काडी ओढली. पट्टी चिमट्यात धरली. ती जळाली नाही, वितळली. काळा धूर निघाला, टोकाला गोळी झाली, आणि प्लास्टिकच्या बादलीला विस्तव लागल्यावर येतो तसा वास आला. नवरा गोळीकडं बघत होता. मला वाटलं, झालं एकदाचं.

पण आप्पा म्हणाले, "ही कड झाली. लुगड्याचा काठ एका सुताचा असतो आन् अंग दुसऱ्या सुताचं. बसायची जागा मधली. मधलं कुणी बघितलं?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. नवऱ्यानं विक्रेत्याला फोन लावला आणि आप्पांना ऐकू जाईल असा मोठा केला. तो विक्रेता यावेळी अगदी स्पष्ट बोलला. या गाडीच्या सीटमध्ये जनावराचं चामडं कुठंच नाही, हल्ली पुष्कळ लोकांना तेच आवडतं, असं म्हणाला.

फोन ठेवल्यावर आप्पा म्हणाले, "ज्यानं तुला चामडं म्हणून इकलं, तोच आता चामडं न्हाई म्हणायला. ह्यातलं कोणतं खरं धरू?"



शेवटी नवऱ्यानं ठरवलं की सीटांना कापडी कव्हरं शिवून घ्यायची. खाली काहीही असो, आप्पा कापडावर बसतील. आप्पांनी त्यालाही लगेच हो म्हटलं नाही, पण कापड आपणच निवडणार, असं म्हणाले. दुकानातलं जाड सुती कापड त्यांनी तीनदा उघडून बघितलं आणि पिशवीत घातलं. परभणीला कव्हरवाल्याकडं आम्ही गाडीनं गेलो, ते यष्टीनं आले.

कव्हरवाल्यानं माप घ्यायला मागच्या सीटचा बसायचा भाग उचकटून बाहेर काढला आणि फरशीवर पालथा टाकला. आप्पा खुर्चीवरून उठले.

"ह्याचं वरचं थोडं सोडता का? मधल्या जागेचं."

"सोडता येतं बाबा, परत ओढून बसवावं लागतं," तो म्हणाला.

"सोडा."

त्यानं खालच्या तारा सोडवल्या आणि वरचं आवरण स्पंजावरून मागं वळवलं. आप्पा खाली बसले. त्यांनी आवरणाची उलटी बाजू अंगठा आणि बोट यांच्यात धरली आणि चोळली. मग कडेची धरली. मग पुन्हा मधली. चामड्याची उलटी बाजू लवदार असते. ही पांढरी होती, बारीक विणीची, ओढली की ताणायची.

"हे तर बनियनचं कापड हाय," आप्पा म्हणाले. "वरून रंगाचा लेप दिलाय."

नवराही वाकला. त्यानंही ते दोन बोटांत धरलं. "येवढं पातळ," तो हळू आवाजात म्हणाला.

"आता असंच यायलंय साहेब," कव्हरवाला म्हणाला. "ह्या कंपनीच्या जुन्या गाडीचं शीट सोडलं तर आतला स्पंज ह्याच्या दीडपट निघतो. मी दोन्ही सोडलेत म्हणून सांगायलो. लोक पडदा बघतात, दिवे बघतात. खाली वाकून कोण बघतंय?"

त्यालाही कव्हरं विकायची होती, हे माझ्या मनात आलंच. पण स्पंज समोर पडला होता, आणि तो खरंच माझ्या वितीहून पुष्कळ कमी होता.

आप्पा उठले, हात झटकले. "आता कव्हर कशाला? मी आसाच बसतो."

"न्हाई," नवरा म्हणाला. "बसवा. आप्पांनी कापड निवडलंय."

मला वाटतं, त्याला ते बदामी रंगाचं पुन्हा बघायचं नव्हतं. संध्याकाळपर्यंत आम्ही तिथंच थांबलो. आप्पा मागं बसले, पाय वर घेऊन मांडी घातली, आणि मानवत यायच्या आत झोपले.

पुढं महिन्याभरानं नवरा एकटाच शोरूमला जाऊन आला. काय बोलायचं ते त्यानं घरूनच ठरवून नेलं होतं. तिथं त्याचं सगळं ऐकून घेतलं, चूक कुणाचीच निघाली नाही, कारण नुसतं लेदर असं कुणी म्हणालंच नव्हतं, लेदर फिनिश म्हणाले होते, असं त्यांचं म्हणणं पडलं. निघताना त्याला पायाखालच्या चटयांचा एक जोड भेट दिला. त्या चटया अजून गुंडाळलेल्याच आहेत. गाडी विकायचं तो म्हणत नाही. मात्र गावात कुणी नव्या गाडीचे पेढे घेऊन आलं की तो पेढा हातात घेतो आणि आधी विचारतो, "आतून हात लावून बघितली का?" समोरचा हसतो. त्याला वाटतं, हा जळायलाय.